जुना, पूर्ण मेकॅनिकल फिल्म कॅमेरा घ्यायचाय. कोणता घेऊ आणि घेताना काय तपासू?

तुम्ही आधी मॉडेल विचारलंय आणि नंतर तपासणी. मी उलट्या क्रमाने सांगते. हे कॅमेरे चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत. त्यावर कंपनीचं नाव कोणतं आहे यापेक्षा आधीच्या मालकाने तो कसा सांभाळला याला जास्त महत्त्व आहे.

माझा पहिला कॅमेरा ‘चालू स्थितीत’ म्हणून मिळाला होता. फिल्म पुढे नेणारा लिव्हर फिरत होता, शटरचा (फिल्मवर क्षणभर उजेड सोडणाऱ्या पडद्यांचा) आवाजही खणखणीत. पहिला रोल धुऊन आला तेव्हा घरातले आणि संध्याकाळचे फोटो सुरेख होते, पण भर दुपारच्या प्रत्येक फोटोची एक कड काळी. रोल जुना असेल असं वाटलं. दुसऱ्या रोलवरही तेच. शेवटी रोल नसताना मागचं झाकण उघडलं, लेन्स काढली, कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरला आणि मागून बघत १/१००० सेकंदाच्या वेगावर शटर दाबलं. क्षणभर सगळी चौकट उजळायला हवी होती, ती एका बाजूला अंधारीच राहिली.

या शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग झाकत येतो. वेग जास्त असला की दोघांमध्ये फक्त बारीक फट असते आणि तीच फिल्मवरून सरकत जाते. पहिला पडदा जड झाला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि पुढच्या भागावर उजेड पडतच नाही. कमी वेगाला हा दोष लपून राहतो, म्हणून वरचे वेग असे डोळ्यांनी बघूनच घ्या. कापडी पडदा असेल तर अंधारात मागून टॉर्च लावून भोकं आहेत का तेही पाहा.

खालचे वेग मात्र कानाने तपासायचे. १ सेकंदावर शटर दाबा. आत चक्रांची एकसारखी किरकिर ऐकू येईल आणि मग पडदा मिटेल. किरकिर मध्येच अडखळली किंवा शटर उघडंच राहिलं, तर आतलं ग्रीस वाळलंय असं समजा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून उघडण्या-मिटण्यातलं अंतर मोजता येतं. वाळलेल्या ग्रीसचा हा दोष दुरुस्त होतो, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरून बोला. सेल्फ-टायमर मात्र ओढून बघू नका. बरीच वर्षं न वापरलेला असेल तर तो मध्येच अडकतो आणि अख्खा कॅमेरा अडवून ठेवतो.

लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, अशी लेन्स मी घेत नाही. थोडी धूळ असली तरी फोटोत काही कळत नाही. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर तेलाची चमक नको. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो बदलावाच लागेल. हे काम स्वस्त आहे आणि घरीही जमतं.

आता मॉडेल. सुरुवातीला मी पेंटॅक्स के१००० सुचवेन. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं तो बनत होता, त्यामुळे सापडतोही. त्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्राला) वेगळं बटण नाही, लेन्सवर झाकण लावून ठेवलं नाही तर बॅटरी उतरत राहते. निकॉन एफएम दणकट आहे. १९८२ मध्ये आलेल्या एफएम२ चं शटर तर १/४००० पर्यंत जातं. ऑलिंपस ओएम-१ हातात सुखद आणि लहान, पण त्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनलेलं आहे आणि ती आता बनत नाही. १.५ व्होल्टची घातली तर मीटर चुकतं. श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी त्याच्या बरीच जवळ जाते. या सगळ्यांत बॅटरी फक्त मीटरपुरती असते, शटर तिच्याशिवाय चालतं. सोव्हिएत झॉर्की किंवा फेड घेतलात तर आधी शटर चढवा, म्हणजे फोटोसाठी तयार करा, आणि मगच वेगाची चकती फिरवा, नाहीतर आतली यंत्रणा बिघडू शकते.

मीटर बंद असलं म्हणून अडत नाही. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं (फिल्मच्या डब्यावरचा, तिला किती उजेड लागतो ते सांगणारा आकडा), म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०. पूर्ण ढगाळ असेल तर एफ ८. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्तच उजेड द्या, तो ती सहज पचवते.

रोल भरताना घाई करू नका. टोक खाचेत घालून झाकण लावल्यावर रिवाइंडची गुंडी हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या. मग लिव्हर ओढताना त्या गुंडीकडे बघा. ती उलटी फिरली तर फिल्म खरंच पुढे जातेय. नाही फिरली तर तिथेच थांबा, नाहीतर छत्तीस फोटो काढूनही रोल कोरा निघेल.

पहिल्या रोलवर मुद्दाम सगळे वेग वापरा आणि प्रत्येक फोटोचं शटर व अ‍ॅपर्चर वहीत लिहा. धुऊन झाल्यावर नुसते स्कॅन घेऊन येऊ नका, निगेटिव्हही मागून घ्या. वही शेजारी ठेवून ती उजेडात धरलीत की कोणत्या वेगाला गडबड आहे ते फ्रेमनिशी सापडेल.