कार्टियरचं प्रदर्शन ही म्युझियमनं केलेली जाहिरात नाही का?

तुम्ही विचारलंय की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं 2025 मध्ये कार्टियरसारख्या महागड्या दागिन्यांच्या कंपनीचं प्रदर्शन भरवलं, ही जाहिरात नाही तर काय, आणि आपल्या माणसानं त्यात बघायचं तरी काय.

जाहिरात आहेच की. कंपनी अजून धंद्यात आहे. आपले जुने दागिने परत विकत घेऊन तिनं 1983 मध्ये स्वतःचा संग्रह उभा केला आणि त्यातले ती म्युझियमना देते. यात धर्मादाय काही नाही. पण आपल्याकडं कुठल्या सोनाराच्या कामाची अशी जाहिरात करायची म्हटलं, तर काचेच्या पेटीत ठेवायला काय उरलंय, ते सांगा.

मी प्रदर्शन पाहिलेलं नाही. मुलगी तिकडं नोकरीला आहे, ती बघून आली. साडेतीनशेवर वस्तू, मुकुट, घड्याळं, सगळं फोनवर सांगून झालं आणि मग म्हणाली, "बाबा, मला त्यांची कागदावरची चित्रं जास्त आवडली." दागिना घडवण्याआधी काढलेली चित्रं हो. 1847 मध्ये पॅरिसला सुरू झालेलं दुकान, आणि त्यांनी कागदसुद्धा टाकले नाहीत. इथं माझं डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर.

आमचे वडील बेळगावच्या शहापुरात सोनारकाम करायचे. आजोबाही तेच. खानापूर, बैलहोंगल, निपाणीकडची गिऱ्हाइकं, निम्मी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. दुकानात एका लाकडी पेटीत काशाचे ठसे होते. कोल्हापुरी साज करायचा तर मासा, कासव, चंद्र, बेलपान, कारलं, प्रत्येक पानाचा ठसा वेगळा. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पान उठवायचं, आत लाख भरायची, मागून बंद करायचं. साजाच्या एकवीस पानांत एकाचा उठाव जरी बसका आला, तरी वडील ते पान परत मुशीत टाकायचे. गिऱ्हाइकाला काही कळलं नसतं. काही ठसे आजोबांच्याही आधीचे होते, त्यांतला नाग आता बाजारात मिळतो तसा नव्हे, फणा जरा तिरका. शिवाय नमुन्यांची एक वही होती. तिच्यात कुणाच्या बोरमाळेत किती मणी, कुणाच्या वज्रटिकेला किती पेरं, सगळं पेन्सिलीनं मांडलेलं.

1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरेटचा साज कोण घालणार? देशभर हजारो सोनार घरी बसले. आमच्या घरात भाकरीची पंचाईत होती, आजोबांनी भांडी विकली, पण ठशांच्या पेटीला हात लावू दिला नाही.

आणि वडील गेल्यावर थोरल्या भावानं, भरल्या पोटी, ती पेटी मोडीत घातली. काशाच्या भावानं, किलोवर. मी तेव्हा नोकरीनिमित्त हुबळीला. विचारलं तर म्हणतो, "आता सगळं मशीनवर होतंय, त्याचं काय लोणचं घालायचं? सोनं असतं तर ठेवलं असतं." आमचे तेव्हापासून या विषयावर वाद चालू आहेत. नातेवाइकांत बहुतेकांना दादाचंच म्हणणं पटतं. दागिन्याची किंमत वजनावर, बाकी घडणावळ, आणि मोडताना तीही शून्य.

दादानं पटियाळाच्या हाराची गोष्ट ऐकावी. महाराजा भूपिंदरसिंहांनी 1925 मध्ये आपल्या खजिन्यातले खडे कार्टियरकडं दिले, 1928 मध्ये हार तयार झाला. 2,930 हिरे, मधला पिवळा डी बिअर्स हिरा 234 कॅरेटचा. 1948 च्या सुमारास हार खजिन्यातून गायब. 1998 मध्ये लंडनमध्ये नुसता सांगाडा सापडला, मोठे खडे उपटलेले. कंपनीनं तो घेतला, रिकाम्या कोंदणांत दुसरे खडे बसवून पुन्हा उभा केला. म्हणजे खड्यांच्या भावानं ज्याची वाट लागली, त्याची त्यांनी घडणीसाठी किंमत दिली. दादा, वाचतोस ना?

तर बघायचं काय, यावर: 1911 मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी जाक कार्टियर भारतात आला होता. त्यानंतरच्या कामात आपल्याकडची कोरीव पाचू-माणकं दिसतात, पानाफुलांच्या आकाराची. पुढं त्याच घडणीला ‘टुटी फ्रुटी’ हे नाव पडलं. ती कोरणाऱ्या कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. याचा दोष मी एकट्या कार्टियरला देणार नाही, आपल्या राजांनी तरी कुठं ठेवली?

घरात आजीची ठुशी, पुतळ्यांची माळ, काहीही असेल, तर मोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागची बाजू जास्त महत्त्वाची, कारण हात तिथंच ओळखू येतो. सोनाराचं नाव आईला आत्ताच विचारून लिहा. दागिना मोडूच नका असं मी म्हणत नाही, मुलीचं शिक्षण किंवा दवाखाना असेल तर बिनदिक्कत मोडा, त्यासाठीच तो केलेला असतो. आणि हो, ते लंडनचं प्रदर्शन 16 नोव्हेंबर 2025 लाच संपलं, तेव्हा तिकिटाची चौकशी करू नका.

नमुन्यांची वही मात्र वाचलीय असं वहिनी म्हणतात, माळ्यावर. दादाला ती द्यायची नसेल तर राहू दे, मी शहापुरात येऊन फोनवर पानं टिपून घेतो.