दारू महागली, आता तरी सुटेल?

"बाई, दारू म्हाग झाली. आता तरी ह्यांची सुटतली ना?"

जून 2025 मध्ये राज्य सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवायचं ठरवलं आणि भारतीय बनावटीच्या विदेशी दारूची 180 मिलीची बाटली किमान 205 रुपयांवर गेली. तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या कितीतरी बायकांनी मला हेच विचारलंय.

त्यातल्या एका वहिनींचं सांगते, ओळख पुसून. नवरा बोटीवर खलाशी. मासेमारी बंदी उठली, पगार सुरू झाला, तरी घरात ओढाताण. मी त्यांना घरखर्चाची वही आणायला सांगितली. तिसऱ्या भेटीत गेल्या वर्षीचं आणि यंदाचं पान शेजारी ठेवलं. दूध अर्ध्यावर. भिशी थकलेली. 'किरकोळ' मात्र दुपटीहून जास्त.

"ह्या किरकोळ म्हणजे काय वो?"

"त्यांची उधारी."

"मग दारू महागली ती कोणाला?"

वहीवरून बोट फिरवत त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माकाच."

समुपदेशन करताना पिणाऱ्याला एकट्याला समोर बसवून मी कधीच सुरुवात करत नाही, आधी घर बघते. इतक्या वर्षांत ही वाट क्वचितच चुकली. दरवाढ हवीच. स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूचा किमान दर ठरवला, तेव्हा निव्वळ दारूने होणारे मृत्यू सुमारे 13 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. पण व्यसनात रुतलेल्या काहींनी तिथेही जेवणाचे पैसे दारूकडे वळवले. आपल्याकडे तर शेजारी गोव्याची स्वस्त बाटली आहेच.

म्हणून उधारी तुम्ही फेडू नका. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, "ताप आलाय" असा खोटा निरोप धाडू नका. हे सकाळी, ते शुद्धीत असताना, न भांडता सांगा. मारहाणीची भीती असेल तर एकटीने मुळीच बोलू नका. वेळ आली तर 112 लावा. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. थरथर सुटते, फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

वहिनींनी सासूला शेजारी बसवून नवऱ्याला सांगितलं, "तुमची उधारी मी भरूचंय नाय." दोन दिवस आरडाओरड झाली. पंधरवड्याने ते स्वतः माझ्या दारात उभे.

"बाई, ती वही माका बघूक मिळतली काय?"