दीड लाखात, चालवायला मजा येईल अशी जुनी छोटी गाडी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, पहिलीच गाडी आहे, रोजचं फार चालवणं नाही, पण हातात घेतल्यावर मजा आली पाहिजे. त्याखाली एकाने उत्तर दिलंय की जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, तेच दीड लाख डाउन पेमेंटला भरा आणि हप्त्यावर नवीन डिझेल काढा. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं माझ्या मोठ्या साडूंच्या तोंडून ऐकत आलोय. म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी तुमचं उत्तर देऊन टाकतो. मारुतीची ऑल्टो के टेन बघा. पहिली २०१० ला आली, दुसरी २०१४ ला. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएस ताकद आणि गाडीचं वजन आठशे किलोच्या आत. मजा येते ती या हिशेबातून. साध्या ८०० सीसीच्या ऑल्टोशी गल्लत करू नका; लांबून दोघी बहिणी वाटतात, पण लळिंगच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये फरक लगेच कळतो. ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी के टेनच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट कधी बदलला होता हे विक्रेत्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत नाही. स्पेअर पार्ट दोंडाईचापासून रावेरपर्यंत कुठेही मिळतात. दीड लाखातले सव्वा लाख गाडीला आणि पंचवीस हजार हातात, असा हिशेब धरा. सगळे पैसे गाडीतच घालणारा माणूस पहिल्याच महिन्यात टायर आणि बॅटरीसाठी उसनवारी करतो.

आता माझं. मी अमळनेरचा. शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करतो, म्हणजे दिवसभर बेअरिंगचा आवाज ऐकणं हेच काम. मला मोठी गाडी नको होती. मला मारुतीची झेन पाहिजे होती, जुनी, मूळची. १९९३ ला आली, २००६ ला बंद झाली. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन. (त्यानंतर आलेल्या एस्टिलोला झेनचं नाव दिलं असलं तरी ती वेगळीच गाडी आहे. कोणी 'झेनच आहे' म्हणून गळ्यात मारायला लागला तर उठून या.) एजंटांनी दाखवलेल्या गाड्या बघून डोकं उठलं होतं. प्रत्येक गाडी 'डॉक्टरची', प्रत्येक 'सिंगल हँड', आणि प्रत्येकीच्या बॉनेटच्या बोल्टचा रंग पान्याने खरवडलेला, म्हणजे कधीतरी ठोकून उघडलेली.

मग एरंडोलला एका निवृत्त गुरुजींची झेन असल्याचं कळलं. फोन केला तर म्हणाले, "सकाळी लवकर या. गाडी थंड असताना स्वतः चालू करून बघा, नंतर बोलू." दोष लपवणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, म्हणून एवढ्या एका वाक्यावर माझा निम्मा निर्णय झाला होता. गेलो तेव्हा गाडी ओट्याशेजारी शेडमध्ये उभी होती. बॉनेटला हात लावला, गार. गुरुजींनी आतून एक शंभरपानी वही आणली. डाव्या पानावर प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख आणि किलोमीटर. उजव्या पानावर दुरुस्ती. ऑइल बदललं ती ओळ लाल शाईत. क्लच प्लेट, पुढचे दोन्ही लोअर आर्म, टायमिंग बेल्ट, सगळ्यांच्या तारखा, बिलं टाचणीने लावलेली. मीटर मागे फिरवता येतो, तसली वही मागाहून लिहून काढता येत नाही. पानापानाला शाई बदललेली होती आणि शेवटी शेवटी गुरुजींचं अक्षर थरथरलेलं होतं.

भाव त्यांनी एकच सांगितला आणि मी घासाघीस केली नाही. वही बघून ज्याला पाच हजार कमी करावेसे वाटतात, त्याला गाडीतलं काही कळत नाही असं माझं मत आहे. जॅक, दुसरी चावी, मूळची टूलकिट, सगळं दिलं. वही मात्र त्यांना ठेवायची होती. मी फोटो काढून घेतले.

त्यानंतर सासरी, पारोळ्याला, साखरपुड्याला ती गाडी घेऊन गेलो. मांडवात शेवभाजीची पंगत बसली होती. साडूंनी सगळ्यांसमोर हाक मारली, "हाई काय डबडं लई उना, पाव्हणा?" म्हणजे, हे काय डबडं घेऊन आलात. सासरे हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. ते मला लागलं. साडूंनी त्याच दिवाळीला नवीन डिझेल गाडी काढली होती, सात वर्षांच्या हप्त्यावर, आणि तिचा हार अजून आरशाला लटकत होता. मग पंगत उठेपर्यंत एकच विषय: डिझेलचा अ‍ॅव्हरेज, गाडीची रिसेल, समाजात दिसणं.

तिथे मी मोठ्या माणसाचा मान राखला. इथे हिशेब मांडतो. समजा वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवता. पेट्रोलची गाडी सोळाचा अ‍ॅव्हरेज देते, पेट्रोल १०४ रुपये धरा: ३९,००० रुपये. डिझेलची वीसचा देते, डिझेल ९१ धरा: २७,३०० रुपये. वर्षभरात वाचले ११,७००. साडूंचा महिन्याचा एक हप्ता जवळपास तेवढाच होता. म्हणजे डिझेल घेऊन वर्षात एक हप्ता वाचवला आणि बारा भरले. शिवाय ते राहतात त्याच गल्लीत त्यांचं दुकान. गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघायची. रोज जळगाव–सुरत करणाऱ्याला डिझेल शोभतं. गल्लीतून बाजार समितीपर्यंत जाणाऱ्याने ती घेणं म्हणजे शेजाऱ्यांसाठी घेणं.

राहिली रिसेल. मी जेवढ्याला घेतली त्यात आता घसरायला काही उरलेलंच नाही. नवीन गाडी शोरूमच्या दारातून रस्त्यावर आली की तिचा भाव पडतो, हे साडूंनाही माहीत आहे.

मजेचंही सांगतो, कारण तुमचा प्रश्न खरा तोच होता. पावसाळा सरता सरता आम्ही तोरणमाळला गेलो, शहाद्यावरून. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, शेवटचा घाट अरुंद आणि वळणं एकावर एक. माझ्या झेनला पॉवर स्टिअरिंग नाही. चालत्या गाडीत त्याची गरजही पडत नाही, कारण पुढचं चाक कुठल्या खडीवरून चाललंय ते तळहाताला कळतं. वळणाआधी ब्रेक, दुसरा गिअर, तो छोटा खट्ट आवाज, आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर इंजिन गायला लागतं. तेव्हा वेग ताशी चाळीस. चाळीसच. महागड्या गाडीत ही मजा यायला शंभरच्या वर जावं लागतं आणि तिथे पोलीस, ट्रक आणि यम तिघेही उभे असतात. बायको शेजारी बसून म्हणाली, "हळू चालवा, पण असंच चालवा." साडूंच्या गाडीत ती मागच्या सीटवर झोपते.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. कागद, मिस्त्री, टेस्ट ड्राइव्ह हे सगळे सांगतात, ते धरूनच चाला. मी आपल्या भागाचं सांगतो. आपल्याकडे गाडीला मारतो तो उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जुन्या गाडीचं खरं रूप मे महिन्यात दुपारी दोन वाजता दिसतं. आपले बरेच मिस्त्री गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकतात. हा शुद्ध आडाणीपणा आहे. इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि तापण्याचं मूळ कारण, मग रेडिएटर चोंदलेला असो की हेड गॅस्केट गेलेली असो, झाकून राहतं. ओळखायचं कसं? थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळीला हात लावून थांबा. काही मिनिटं ती गार राहिली पाहिजे आणि मग एकदम गरम झाली पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट जागेवर नाही. मग विक्रेत्याला विचारा, का काढला? त्याच्या उत्तरावर गाडी घ्यायची की नाही ते ठरवा. त्यानंतर एसी लावून उभ्या जागी पंधरा मिनिटं चालू ठेवा. पंखा लागला पाहिजे आणि बंदही झाला पाहिजे. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकटा दिसला, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, तर नमस्कार करून निघा.

टायरवर चार आकडी नंबर असतो. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, आपल्या उन्हात जुन्या टायरच्या बाजूला भेगा पडतात. त्याचे पैसे भावातून कमी करा.

पुराची गाडी ओळखा. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात पाणी शिरलं, सुरतेलाही तापीने आणि खाड्यांनी अनेकदा बुडवलंय, आणि तिकडच्या गाड्या नवापूरमार्गे इकडे स्वस्तात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला मातीची रेघ असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते वाकून बघा. आणि पहिली गाडी जीजे, एमपी किंवा डीएल पासिंगची घेऊच नका. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), पुन्हा रोड टॅक्स, आरटीओच्या चकरा. एमएच १८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) मधलीच बघा, म्हणजे मूळ मालकाच्या घरी जाऊन चहा पिता येतो आणि गाडी कुठे उभी राहायची तेही दिसतं.

आरसीवर बँकेचा बोजा राहिलाय का, ई-चलान थकलंय का, हे पैसे देण्याआधी ऑनलाइन बघा. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या आणि नाव स्वतः लावून घ्या, 'नंतर करू' म्हणणाऱ्याकडून गाडीच घेऊ नका. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी, लागली आहे ना तेही बघा. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, त्यात वाद घालू नका.

के टेन मिळाली नाही तर ह्युंदाईची आय टेन, पण १.२ लिटरच्या 'कप्पा' नावाच्या इंजिनची. थोडी जड, पण चेसिस समजूतदार. फिगो पेट्रोल वळणावर सगळ्यांत गोड, मात्र फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यामुळे तिच्या पार्टसाठी वाट बघायची तयारी पाहिजे. फियाटच्या पालिओ १.६ चं नाव कोणीतरी सुचवेलच. गाडी वेड लावणारी आहे, पण ज्याच्या घरी दुसरी गाडी आणि ओळखीचा मिस्त्री आहे त्यानेच तिच्या वाटेला जावं. बाहेरून सीएनजी बसवलेली छोटी गाडी नको. डिकी गेली, वजन वाढलं, आणि तुम्हाला तर मजा पाहिजे आहे.

आणि हो, माझं ऐकून झेनच्या मागे लागू नका. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण येतं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली, वर हरित कर, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना त्याहून महाग पडतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या मी बदलून घेतल्या. तुम्ही कुठलीही जुनी घेतली तरी हे पहिल्या सर्व्हिसलाच करा.

एक गोष्ट साडूंची खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. या गाड्या धडकेत टिकत नाहीत. २०१४ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने ऑल्टो ८००, आय टेन, फिगो, पोलो आणि नॅनो, एअरबॅग नसलेल्या, आदळून पाहिल्या तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. धुळे–जळगाव हायवेवर ट्रकच्या मधून रोज जायचं असेल, किंवा मागच्या सीटवर लहान मुलं असतील, तर दीड लाखात थांबू नका. आणखी काही महिने पैसे साठवा आणि दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडीच बघा, के टेनमध्येसुद्धा एअरबॅगवालं मॉडेल शोधा. तोवर धुळ्यातल्या धुळ्यात दुचाकी चालते.