एजंटने फॉर्मवर ‘नो’ केलंय, मुलाखतीला जाऊ का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताई कराडकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा-सून घरीच, मुलगी-जावई डॅलसला आणि मुलीची डिलिव्हरी फेब्रुवारीत. २०१९ ला ताई आणि त्यांच्या मिस्टरांनी अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला अर्ज केला होता, तेव्हा दोन मिनिटांत नकार देऊन हातात एक कागद दिला. पुढे मिस्टर गेले. आता एका एजंटने फॉर्म भरला आणि ‘याआधी कधी व्हिसा नाकारलाय का’ या प्रश्नाला सरळ ‘नो’ केलं, का तर म्हणे ‘यस’ केलं की डायरेक्ट रिजेक्ट. डिलिव्हरीचा उल्लेखच नाही, नुसतं फिरायला जातोय म्हणून लिहिलंय. वर फाईलला १८ लाखांच्या एफडीचं सर्टिफिकेट लावलंय, आणि अशी एफडी ताईंची नाहीच. पासपोर्ट त्याच्याकडे, उरलेले २५ हजार दिल्याशिवाय परत देत नाही. मुलाखत वीस दिवसांवर. आता जाऊ की कॅन्सल करू, आणि पोलिसात गेले तर मीच अडकेन का, हा ताईंचा प्रश्न.

जा. पण हा फॉर्म तसाच ठेवून जाऊ नका.

आधी २०१९ चा तो कागद बाहेर काढा. त्यावर २१४(बी) असं कलम असणार. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही परत याल याची त्या दिवशी त्या ऑफिसरला खात्री पटली नाही. अमेरिकेचा कायदा मुळात असं धरूनच चालतो की टुरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडेच राहायला निघालाय, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. हा नकार काही कायमचा नसतो. त्यावर अपील नाही हे खरं, पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नाही, २०१९ ला १६० डॉलर भरले असतील, आता १८५ भरले, परत न मिळणारी फी एवढंच नुकसान. २१४(बी) झालेल्या कितीतरी आयांना पुढे व्हिसा मिळालेला मी बघितलाय.

खोटं बोलल्याचं कलम वेगळं. २१२(ए)(६)(सी). मुद्दाम आणि महत्त्वाच्या बाबतीत खोटं सांगून व्हिसा मागितला असं एकदा लागलं की ते आयुष्यभर राहतं, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी आपोआप पुसलं जात नाही. मग प्रत्येक वेळी वेव्हर, म्हणजे त्या बंदीतून सूट, मागायचा, तो द्यायचा की नाही ही त्यांची मर्जी. आपल्या हायकोर्टात रिट टाकून तो निर्णय फिरत नाही, आणि त्यांच्या कोर्टातही व्हिसा देणाऱ्या कॉन्सुलर ऑफिसरच्या निर्णयात सहसा हात घालत नाहीत, २०२४ मध्ये तर त्यांच्या सुप्रीम कोर्टाने मुन्योझ केसमध्ये एका अमेरिकन नागरिक बाईचंही नवऱ्याच्या व्हिसाबाबत ऐकलं नाही. म्हणजे एजंटने साध्या नकाराला घाबरून तुम्हाला त्याच्या दहापट वाईट जागी नेऊन उभं केलंय.

आणि लपणार तरी कसं हो? २०१९ ला दहाही बोटांचे ठसे घेतले होते ना तुमचे? याही वेळी मुलाखतीआधी घेतील. ठसे जुळले की जुना अर्ज, जुना नकार, मिस्टरांचं नाव, सगळं समोरच्या स्क्रीनवर. हे एजंटला माहीत नाही असं मला तरी वाटत नाही.

आता दिलासा. फॉरेन अफेअर्स मॅन्युअल म्हणून त्यांचं नियमांचं पुस्तक आहे, त्यात स्पष्ट आहे की चुकीची माहिती अर्जदाराने स्वतःहून आणि वेळेत दुरुस्त केली तर ती खोटेपणा म्हणून धरायची नाही. ‘वेळेत’ या शब्दावर सगळं आहे. ऑफिसरने पकडल्यावर ‘अहो ते एजंटने भरलं’ म्हणणं ही दुरुस्ती नव्हे, ते तिथे रोज ऐकतात, आणि फॉर्मच्या शेवटी पासपोर्ट नंबर टाकून जी सही होते ती कायद्याने तुमचीच, बटण कोणी का दाबेना. एजंटच्या थापेची माहिती अर्जदाराला होती असं दिसलं तर ती अर्जदाराच्याच नावावर पडते, आणि तुम्हाला तर आता माहिती आहे.

म्हणून नवीन डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. एकदा सबमिट झालेला फॉर्म उघडून आतली उत्तरं बदलता येत नाहीत, पण त्यावरून नवा तयार करता येतो. त्यासाठी कन्फर्मेशन पेजवरचा एए ने सुरू होणारा नंबर, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मसाल आणि सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर लागतं. तो प्रश्न बऱ्याचदा ‘आईच्या आईचं नाव काय’ असा असतो, आणि एजंट लोक सगळ्या क्लायंटना एकच आजी लावून ठेवतात, तर ते नाव त्याला विचारून घ्या. नाहीच दिलं तर कोरा फॉर्म भरा, जावई तासाभरात भरतील. नकाराच्या प्रश्नाला ‘यस’, खाली साल, ठिकाण मुंबई आणि कारण २१४(बी), एका ओळीत. वैवाहिक स्थिती बघा, एजंटने जुन्यावरून उतरवलं असेल तर अजून ‘विवाहित’ राहिलं असेल. असली चूक कोणी गुन्हा म्हणून धरत नाही, पण बरोबर करा. फॉर्म भरायला कोणी मदत केली का असाही प्रश्न आहे, तिथे जावयांचं नाव टाका, लाजायचं काय त्यात. मग अपॉइंटमेंटच्या प्रोफाईलमध्ये नवा फॉर्म नंबर अपडेट करायचा आणि तो हातातल्या कन्फर्मेशन पेजशी जुळतोय हे बघायचं. प्रोफाईलचा लॉगिन आणि ईमेल एजंटचा असेल तर तोही मागून घ्या.

डिलिव्हरीचं लपवू नका. मुलीला, नातवाला भेटायला जाणं हे बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसात बसतं. पगारी काम चालत नाही, आईने लेकीजवळ राहणं हे काम नव्हे. फक्त ‘सहा महिने बाळ सांभाळायला चाललेय’ असं म्हणू नका, कारण ते ऐकायला पगारी आयाचं काम वाटतं, आणि तुमचा बेत तरी कुठे तसा आहे, तुम्हीच लिहिलंय की उन्हाळ्यात कराडला नातीचं शाळेचं ॲडमिशन आहे म्हणून एप्रिलात परत यायचंय. तेच सांगा. तुमचं पेन्शन, राहतं घर, इथला मुलगा आणि नात, हेच तुमचं परत यायचं कारण. सातबारा आणि पासबुकं न्या हवी तर, बहुतेक वेळा बघतही नाहीत, निर्णय फॉर्म आणि बोलण्यावर होतो. जावयाच्या स्पॉन्सर लेटरवरही फार भिस्त नको, बघतात ते तुमचं.

ते एफडीचं सर्टिफिकेट मात्र बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या गेटपर्यंतही जाता कामा नये. ते अजून कुठे दाखवलं नाहीये ही नशिबाची गोष्ट. भारतीय न्याय संहितेत ३३६ हे खोटा दस्त बनवण्याचं कलम आणि ३४० तो खरा म्हणून वापरण्याचं, बनवणारा एजंट असला तरी वापरणाऱ्या तुम्ही ठराल. फाडूही नका, घरातही ठेवून घेऊ नका, तक्रारीसोबत देऊन टाका आणि ‘मी हे मागितलं नव्हतं, वापरलं नाही’ असं त्यात लिहा. म्हणजे पोलिसात गेलात तर अडकायची भीती कमी, गप्प बसलात तर जास्त.

पासपोर्टचं तर साधं आहे. पासपोर्ट ॲक्ट १९६७ चं कलम १७, पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा, पासपोर्टमध्ये तसं छापलेलंही असतं. २००८ मध्ये सुरेश नंदा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांनाही पासपोर्ट जप्त करून अडकवून ठेवता येत नाही, तो अधिकार पासपोर्ट खात्याचा. जिथे पोलिसांना नाही तिथे हा कोण लागून गेला? आज व्हॉट्सॲपवर लिहा की दोन दिवसांत पासपोर्ट, लॉगिन आणि भरलेल्या पैशांची पावती द्या, नाहीतर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार. फोनवर भांडू नका, जे काय ते लेखी. शक्यतो मुलाला सोबत घेऊन जा. बहुतेक एजंट एवढ्यावरच पासपोर्ट देतात.

उरलेले २५ हजार देऊ नका. फसवणुकीसाठी केलेला करार कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २३ मध्ये मुळातच रद्द. दिलेले परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांची मुदत, एवढ्या रकमेला तिथे फीसुद्धा नाही, आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. पण हे सगळं मुलाखतीनंतर, आत्ता डोकं एका जागी ठेवा.

मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, सुरुवातीलाच मराठी हवं म्हणून सांगा. आणि ऑफिसरने पहिला प्रश्न विचारायच्या आत एवढंच बोला: ‘सर, माझा आधीचा फॉर्म एजंटने भरला होता, त्यात २०१९ चा नकार लिहिला नव्हता, ते चूक होतं. मी नवीन फॉर्म भरलाय, त्यात खरं आहे. मुलीचं बाळंतपण आहे, एप्रिलात परत यायचंय.’ घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघा. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलंय तुम्ही, अडखळणार नाही. पासपोर्ट हातात आला की मला कळवा, आणि नवा फॉर्म सबमिट करायच्या आधी त्याचं पीडीएफ पाठवा, एकदा नजर टाकतो.