ठसका थांबला म्हणजे दाणा निघाला असं नाही

वाचकांचे प्रश्न : लेकरांचं आरोग्य

प्रश्न : येळवशीला (वेळ अमावास्येला) आम्ही सगळे शेतात गेलो होतो. कोपीतली पूजा झाली, जेवणं चालू होती. माझा सव्वादोन वर्षांचा मुलगा भाजलेले शेंगदाणे तोंडात धरून भावंडांमागं पळत होता. एकाएकी ठसका लागला, ओठ काळेनिळे पडले. सासूबाईंनी घशात बोट घातलं, नणंदेनं पाठीत थापट्या मारल्या, कुणी पाणी पाजायला धावलं. दोनेक मिनिटांनी तो रडला आणि लगेच खेळायला लागला. आता बारा दिवस झाले तरी खोकला जात नाही, रात्री छातीत शिट्टी वाजते. दोनदा वाफ दिली, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्या ठसक्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि त्या वेळी नेमकं काय करायला हवं होतं? (एक आई, औसा तालुका)

उत्तर : संबंध आहे असंच धरून चाला, आणि हे वाचून झालं की निघा.

श्वासनलिका छातीत दोन फाट्यांत जाते. दाणा वर, स्वरयंत्रापाशी असतो तोवर जीव गुदमरतो. तो खाली एका फाट्यात, बहुतेकदा उजव्या, घसरला की दुसरं फुफ्फुस काम सांभाळतं. लेकरू गुलाबी दिसतं, खेळतं, आणि घरचे म्हणतात, गिळला बरं का. ही शांतता काही तास टिकते, कधी काही आठवडे. इकडं शेंगदाणा ओल धरून फुगतो, त्यातलं तेल नळीच्या अस्तराला झोंबतं, सूज येते, पलीकडं कफ साचतो. मग न जाणारा खोकला, शिट्टी, ताप, पुन्हा पुन्हा त्याच बाजूचा न्यूमोनिया. वाफेनं सूज जरा उतरते, दाणा जागेवरच राहतो.

एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. नाणं दिसतं, खिळा दिसतो, दाणा नाही. दिसलीच तर त्याची खूण दिसते : अडकलेल्या बाजूचं फुफ्फुस जास्त फुगलेलं, कारण हवा आत जाते आणि बाहेर पडताना अडते. पुष्कळदा एक्स-रे अगदी साफ येतो. म्हणून डॉक्टरांना ‘खोकला आहे’ असं सांगून थांबू नका. पहिलं वाक्य हे हवं : ‘बारा दिवसांपूर्वी शेंगदाणा खाताना ठसका लागला होता, ओठ निळे पडले होते.’ एवढ्या हकिकतीवर, एक्स-रे साफ असला तरी, दुर्बीण घालून बघणं योग्य ठरतं. ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे पूर्ण भूल देऊन तोंडावाटे श्वासनलिकेत नळी सोडायची आणि बारीक चिमट्यानं दाणा काढायचा. कुठं कापत नाहीत. बारा दिवसांचा मऊ झालेला दाणा चिमट्यात तुटतो, म्हणून लहान मुलांच्या भुलीचा सराव असलेले भूलतज्ज्ञ तिथं हवेत. लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात आधी फोनवर विचारून निघा. भुलीआधी सहा तास पोटात अन्न नको, म्हणून मुलानं शेवटचं कधी काय खाल्लं ते लिहून ठेवा. धाप लागली असेल तर मात्र उपाशीपणाची वाट बघायची नसते. आणि तोवर मुलाला उलटं धरून झटके देऊ नका. खाली बसलेला दाणा उसळून स्वरयंत्रात अडकला तर चालणारा श्वासही बंद पडेल.

आता त्या दिवसाबद्दल. लेकरू जोरात खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय, तर पाठीत मारू नका. पुढं वाकवून बसवा आणि खोकू द्या. त्याच्या खोकल्याइतका जोर आपल्या थापटीत नसतो. घशात बोट घालणं ही आपल्याकडची हमखास चूक. दाणा डोळ्यांना दिसत असेल तरच चिमटीत धरून काढायचा, नाहीतर बोटानं तो आणखी आत जातो. पाणी, केळं, भाताचा घास यांचाही उपयोग नाही. ती वाट अन्ननलिकेची, दाणा आहे दुसऱ्याच नळीत.

आवाज बंद झाला, खोकला फुसका झाला, तोंड उघडं आहे पण रडू फुटत नाही, तिथून तुमचं काम सुरू होतं. तुम्ही गुडघ्यावर बसा, मुलाला पुढं वाकवा, एक हात छातीखाली आधाराला. दुसऱ्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दोन खवाट्यांच्या मधोमध 5 जोरकस तडाखे. थोपटणं नव्हे, तडाखे, आणि प्रत्येकानंतर दाणा पडला का बघायचं. नाही पडला तर मागून कवेत घ्या, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या टोकाखाली, दुसऱ्या हातानं ती धरा, आणि 5 वेळा आत व वर असा हिसका द्या. पुन्हा पाठीत 5, पुन्हा पोटावर 5, दाणा निघेपर्यंत.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर कधीही दाबायचं नाही, यकृत मोठं आणि बरगड्यांच्या बाहेर असतं. त्याला मांडीवर टेकवलेल्या हातावर पालथं धरा, डोकं धडापेक्षा खाली, जबड्याला आधार. पाठीत 5 तडाखे. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 5 दाब.

शुद्ध हरपली तर कडक जमिनीवर निजवा. छातीच्या मधोमध, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं खोल (तुमच्या मुलाच्या वयात सुमारे 5 सेंटिमीटर), मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं 30 दाब, मग तोंडात डोकावून बघा, दोन श्वास द्या, पुन्हा दाब. पोटावर दाब दिलेल्या मुलाला नंतर बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, आत इजा झालेली असू शकते.

या सगळ्यात दुसऱ्या कुणीतरी 108 लावायचा असतो. शिवारात गट नंबर सांगून गाडी येत नाही. डांबरी रस्त्यावरचा फाटा सांगा आणि एक जण मोटारसायकल घेऊन तिथं उभा करा. येळवशीला लातूर-धाराशिवकडं स्थानिक सुट्टी असते, तालुक्याचे खासगी दवाखानेही बंद सापडतात. कुठं डॉक्टर आहेत हे सकाळीच विचारून ठेवलेलं बरं. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, सीताफळाच्या बिया पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात नकोत. पुढच्या दातांनी तो तुकडा पाडतो, पण दाढांनी नीट दळता येत नाही. शेंगदाण्याच्या पोळीतलं कूट चालतं, हातात मूठभर दाणे देऊन पळायला सोडणं चालत नाही.

प्रश्न : हुरड्याला शेतात गेलो असता आठ वर्षांच्या मुलीनं दगड उचलला आणि विंचू चावला. खूप रडली, रात्रीतून उतरला. गावात म्हणतात, काळी इंगळी असती तर वाचली नसती. पुढच्या वेळी काय करावं? (केज तालुका)

उत्तर : इंगळी दिसायला भयंकर, पण आपल्याकडं जीव घेतो तो लहानखुरा लाल विंचू. आणि नुसत्या ठणक्यानं ओरडणाऱ्या मुलापेक्षा, ठणका कमी असूनही घामानं भिजलेलं, गप्प पडलेलं मूल जास्त धोक्यात असतं. उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, मुलग्यांमध्ये लिंग ताठर होणं, ही विष रक्तात भिनल्याची लक्षणं. पुढची पायरी म्हणजे हृदयावर ताण आणि फुफ्फुसात पाणी.

दोरी आवळू नका, चिरू नका, चालवत नेऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, वजनाच्या किलोमागं 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्या आणि निघा. लक्षणं नसली तरी 24 तास मूल दवाखान्याच्या नजरेखाली हवं. खरं औषध प्राझोसिन, किलोमागं 30 मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, आणि हातपाय कोमट होईपर्यंत काही तासांच्या अंतरानं पुन्हा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ते विंचूदंशात रुळवलं; त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली, आणि मूळचे ते आपल्या जालना जिल्ह्यातले. ही गोळी घरी द्यायची नाही. रक्तदाब एकदम खाली येतो, पहिल्या गोळीनंतर मुलाला उभंही करत नाहीत. हाफकिन संस्थेची विंचवावरची लस, म्हणजे विषाचा उतारा, हीही आहे, पण ती शोधत गावोगाव फिरण्यात प्राझोसिनची वेळ घालवू नका.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत घेतलेल्या लायटीच्या खेळण्यातला चपटा सेल चार वर्षांच्या मुलीनं गिळल्याचा संशय आहे. केळी खाऊ घाला, सकाळी पडून जाईल, असं शेजारी म्हणतात. (लोहा तालुका)

उत्तर : केळी नको, सकाळ तर नकोच. सेल अन्ननलिकेत अडकला तर त्यातून वाहणाऱ्या विजेनं ओल्या अस्तराशी तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजतं. मूल हसतखेळत असलं तरी. गळ्यापासून पोटापर्यंतचा एक्स-रे ताबडतोब. त्यात नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी, आणि ही गफलत होऊ नये म्हणून ‘सेल असावा’ हे स्वतः सांगा.

वाटेत, गिळून 12 तास झाले नसतील आणि मूल गिळू शकत असेल तर, दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे म्हणजे 10 मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. मधासाठी थांबायचं नाही, आणि उलटी काढायची नाही. खेळणं आणि त्यातला उरलेला सेल सोबत न्या. त्यावर 2032 असं लिहिलं असेल तर व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2, म्हणजे चार वर्षांच्या गळ्यात अडकून बसणारं माप.