नवरा सीमेवर, पदरात दोन लहान मुलं आणि देवावरचा विश्वास उडालेला: अशात श्रद्धा कुठून आणायची?

तुमचा प्रश्न असा आहे: मिस्टरांची युनिट पुढच्या महिन्यात जम्मू-काश्मीरला चालली आहे, तुम्ही दोन लहान मुलं घेऊन नाशिकमध्येच राहणार आहात, सासूबाई रोज फोनवर ‘देवाचं काहीतरी कर’ म्हणतात आणि तुमच्या मनात तर देवाबद्दल काहीच उरलेलं नाही. अशा काळात कुणाला खरोखर श्रद्धा सापडली का, आणि कशी?

ताई, मला सापडली. पण ती मी शोधून आणली नाही. ती माणसांनी माझ्या दारात आणून ठेवली, आणि त्यातल्या एकाशीही माझं रक्ताचं नातं नव्हतं.

आमचे मिस्टर तोफखान्यात हवालदार आहेत. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये त्यांचं ट्रेनिंग झालं, पुढे देवळालीत पोस्टिंग मिळालं म्हणून आम्ही इथे आलो. मग युनिट काश्मीरला हलली. क्वार्टर सोडावं लागलं. एकट्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी जी एसएफ क्वार्टर्स असतात त्यांच्या यादीत नाव लागलं, पण नंबर यायला वेळ होता. सासर-माहेर दोन्ही जतकडे. तिकडे जायचं तर मुलाची शाळा तुटणार, आणि धाकटी वारंवार आजारी पडायची, तिच्यासाठी देवळालीचं एमएच, म्हणजे लष्करी रुग्णालय, सोडवत नव्हतं. म्हणून नाशिकमधल्याच उपनगर नावाच्या भागाच्या पुढे एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीडची.

त्या दिवसांत मी देवाचं पुष्कळ करत होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, शिवाय वणीच्या देवीला नवस. अंगावर पिणारं लेकरू आणि आठवड्यातले निम्मे दिवस पोटात साबुदाणा. हे सगळं भीतीपोटी चाललं होतं. एखादा उपास चुकून मोडला की त्या रात्री झोप लागायची नाही, वाटायचं आता तिकडे काहीतरी होणार. नंतर एका वीरनारीची ओळख झाली. त्यांचे यजमान काश्मीरमध्ये कुपवाड्याला शहीद झाले. त्या मला अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘मी पण सगळं केलं होतं गं.’ तो दिवस माझ्यासाठी फार कठीण गेला. कारण मग उपासाला अर्थ काय राहिला? त्या बाईंनी माझ्यापेक्षा काय कमी केलं होतं? मी उपास सोडले, दिवा लावणंही सोडलं. तुम्ही लिहिलंय की आत सगळं कोरडं झालंय. तसंच होतं ते.

आता ती रात्र सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

श्रावण होता, पाऊस लागून राहिला होता. धाकटीला संध्याकाळपासून ताप. औषध पाजून निजवली होती. मध्यरात्रीनंतर कधीतरी तिचं अंग एकदम ताठ झालं, डोळे वर गेले, हातपाय झटकायला लागले, ओठ काळेनिळे. मी किंचाळले असणार, कारण शेजारच्या आजी आत आल्या तेव्हा मी दार उघडल्याचं मला आठवत नाही. आजींशी तोवर माझं बोलणं म्हणजे पाणी आलं का, गेलं का, एवढंच. त्यांनी मुलीला माझ्या हातातून घेतलं, सतरंजीवर कुशीवर वळवलं, गळ्याशी आलेलं झबलं सैल केलं. मी तिच्या दातांत चमचा घालायला निघाले होते, तर माझा हात धरला. ‘तोंडात काही घालायचं नाही. थुंकी बाहेर येऊ दे. माझ्या नातवाला यायचे असे झटके.’ आणि तशाच भिजत गल्लीच्या टोकाला जाऊन एका रिक्षावाल्याचं दार वाजवलं.

(हे तुम्हीही लक्षात ठेवा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाने असा झटका येऊ शकतो आणि बहुतेक मुलांना त्याने पुढे काही होत नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी काही नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चालला तर एकशे आठला फोन करायचा. पाच मिनिटांच्या आत थांबला तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवायचंच.)

त्या रिक्षावाल्या चाचांना मी रोज येता-जाता बघत होते, कधी मान हलवून नमस्कारसुद्धा केला नव्हता. ते बनियनवरच आले, वर रेनकोट. झटका तोवर थांबला होता, मुलगी मलूल पडली होती. मोठा अर्धवट झोपेत रडत होता, त्याला आजींनी रिक्षात टाकलं. देवळालीपर्यंत चाचा एक शब्द बोलले नाहीत. एमएचच्या गेटवर एक कोवळा जवान ड्युटीला होता, बोलण्यावरून दक्षिणेकडचा. मी पर्समध्ये डिपेंडंट कार्ड (जवानाच्या कुटुंबाचं ओळखपत्र) शोधत होते, पाकिटातले कागद मांडीवर सांडलेले. त्याने आत टॉर्च मारला, मुलीकडे बघितलं आणि आधी बॅरियर वर केलं. कार्ड मागाहून बघितलं.

पहाटेपर्यंत आम्ही आत होतो. मुलीला ठेवून घेतलं नाही, ताप उतरल्यावर सोडलं. बाहेर आले तर रिक्षा तिथेच. प्लास्टिकचे पडदे दोन्ही बाजूंनी खाली बांधलेले, मागच्या सीटवर मोठा गाढ झोपलेला, त्याच्या अंगावर चाचांचा शर्ट, आणि चाचा स्वतः बाहेर झाडाखाली उभे. इतका वेळ! आत बसले असते तर पोराला पाय पसरता आले नसते, म्हणून बाहेर. मी पैसे पुढे केले. म्हणाले, ‘बेटी, ये सवारी नहीं थी.’ आणि रिक्षा चालू केली.

हे मिस्टरांना कळलं ते खूप उशिरा, पोस्टवरून खाली उतरल्यावर. वर पोस्टवर रेंज नसते. तोवर मुलगी पुन्हा ओसरीवर भांडी आपटत बसायला लागली होती. फोनवर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चाचांना फोन द्यायला सांगितला. दोघं काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

या प्रसंगाने मी लगेच देवापुढे जाऊन बसले असं नाही. पण एक बदललं. आजी म्हणाल्या, ‘पोरी, रात्री आतून वरची कडी लावत जाऊ नको, खालचीच लाव. मला बाहेरून उघडता आली पाहिजे.’ मी तशी लावायला लागले. नवरा इतका दूर असलेल्या बाईला कडी खाली सरकवणं किती जड जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मी सरकवली, आणि मला झोप लागायला लागली. माझ्या लेखी श्रद्धा तिथून सुरू झाली.

मग आला मे २०२५. ७ तारखेला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी लागली आणि त्यानंतर नियंत्रण रेषेवर दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या. माझा माणूस तोफखान्यातला. त्या दिवसांत टीव्हीवर नकाशे, बाण, सायरनचे आवाज. मोठ्याने विचारलं, ‘आई, यात बाबांची तोफ कुठली?’ देवळालीच्या रेंजवरचे धमाके तो पाळण्यात असल्यापासून ऐकतोय, त्यामुळे त्याला भीती वाटत नव्हती, कौतुक वाटत होतं. मला ते ऐकवत नव्हतं. आजींनी येऊन टीव्हीची वायर काढली आणि घरी घेऊन गेल्या. युनिटची जी मंडळी मागे राहिली होती, त्यांचा नंबर एका कागदावर लिहून घेतला आणि मला म्हणाल्या, ‘खरी बातमी या नंबरावरून येईल. बाकी सगळी बाजारातली.’

त्या दिवसांत आमच्या दारावर कोण कोण आलं! किराणावाल्यांनी न सांगता दूध पाठवलं. समोरच्या शिंपीणबाई रोज संध्याकाळी मुलांना न्यायच्या आणि चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायच्या. चाचा रोज नमाजाहून परतताना पायरीशी थांबायचे. आत यायचे नाहीत, विचारायचे नाहीत, नुसते थांबायचे. मी मान हलवली की जायचे. १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबवल्याचं जाहीर झालं, तरी मिस्टरांचा आवाज ऐकायला आणखी थांबावं लागलं. मधल्या वेळात मी एकटी होते असं मला म्हणताच येणार नाही.

आणि जून. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून सातपूर, नाशिक करत नाशिक रोडवरून पळशाकडे आणि पुढे सिन्नरला जाते, हे तुम्ही बघितलं असेल. आजी वारकरी. पूर्वी पंढरपूरपर्यंत चालायच्या, आता गुडघ्यांमुळे पळशापर्यंतच. त्या आम्हा तिघांना घेऊन पुणे रस्त्याला आल्या, सोबत चहाची किटली आणि राजगिऱ्याचे लाडू. एक म्हातारी वारकरीण सावलीला टेकली. टाचा भेगाळलेल्या, पावलं सुजलेली. मी तेल चोळायला बसले तशी म्हणाली, ‘माउली, तुमचे मालक कुठं असतात?’ मी सांगितलं. तिने नाव विचारलं. मी नाव सांगितलं. पुन्हा विचारलं, नीट म्हणून बघितलं, आडनावासकट. मग पदराच्या टोकाला गाठ मारली. ‘पांडुरंगाच्या कानावर घालते. पुढचं तो बघंल.’

ते बरे राहतील, सुखरूप येतील असलं काही ती म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर मला खरं वाटलं नसतं. ती उठली, डोक्यावर बोचकं घेतलं आणि दिंडीत मिसळली. मला तिचं नावही विचारायचं सुचलं नाही. कुठल्या गावची बाई, माझ्या नवऱ्याचं नाव पदराला बांधून पंढरपूरला चालत गेली. आषाढीला, ६ जुलैला, मी देव्हाऱ्यापुढे दिवा लावला. मागितलं काही नाही. भीतीही वाटली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, ज्या देवाशी ‘मी इतकं करते, तू यांना सांभाळ’ असं बोलावं लागतं त्याच्यावरचा तुमचा विश्वास उडाला असेल तर उडू द्या. माझाही त्याच्यावर नाही. त्या वीरनारीताई आजही दर कालाष्टमीला शेजारच्या बायकांना घेऊन भजन म्हणतात. त्यांच्या श्रद्धेत सौदा नाही, म्हणून ती टिकली. माझा विश्वास इतकाच आहे की मी पडेन तेव्हा कुणीतरी येईल, आणि जो येईल त्याला मी तोवर ओळखत नसेन. यालाच मी देव म्हणते. मिस्टर अजून तिकडेच आहेत, सुट्टीवर येऊन गेले. काळजी अजून वाटते.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना तोडून बोलू नका. त्यांचा मुलगा आहे तिकडे, त्यांनाही रात्र काढायची असते. मी आमच्या सासूबाईंना सांगितलं, ‘आई, उपास तुम्ही करा, मी लेकरांसोबत जेवून हात जोडते.’ सुरुवातीला रुसल्या. पालखीची गोष्ट ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी फोन करून त्या म्हातारीचं वर्णन पुन्हा विचारलं.

काही कामं मात्र मिस्टर निघायच्या आधी उरकून घ्या. धाकट्याच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या दप्तरातली नोंद, झाली आहे ना ते बघा, नाहीतर डिपेंडंट कार्डावर त्याचं नाव येणार नाही. मिस्टरांचा आर्मी नंबर, रँक, युनिट आणि एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) पत्ता कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि तीच एक प्रत शेजारी द्या. युनिटच्या मागे राहणाऱ्या मंडळींचा आणि आवाच्या (जवानांच्या पत्नींसाठीच्या लष्करी कल्याण संघटनेच्या) ताईंचा नंबर आत्ताच घ्या, गरज पडल्यावर नाही. सरकारी कागदांत कुठे अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि सिम. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्या, याच आठवड्यात, आणि बिल तुमच्या खात्यातून जाईल असं बघा, म्हणजे ते वर पोस्टवर असताना फोन बंद पडायला नको.