फिलिप्स कर्व्हमध्ये कथा कुठे सापडते

अगं पोरी,

तुझा मेल वाचला. डोक्यात बेकारी आणि महागाई घोळतेय, त्यातून कथा काढायचीय, पण लिहायला बसलं की लेखच होतो म्हणतेस. होणारच ना, कारण तू थिअरी समजवायला बसतेस आणि मग एक पात्र दुसऱ्याला दीड पान महागाईची कारणं सांगत सुटतं. ते सगळं काप. थिअरीत अशी जागा शोध जिथे कुणा एका माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण उदाहरणं देते, नाहीतर म्हणशील बोलायला काय जातं.

फिलिप्स कर्व्हच घे. 1958 मध्ये फिलिप्स नावाच्या अर्थशास्त्र्याने ब्रिटनचे 1861 ते 1957 चे आकडे मांडून दाखवलं की बेकारी कमी असते तेव्हा पगार भराभर वाढतात आणि बेकारी वाढली की पगारवाढ मंदावते, या नात्याची वक्ररेषा म्हणजेच ही कर्व्ह. (हा माणूस स्वतःच कादंबरीत शोभेल, युद्धकैदी होता, आणि नंतर पंप नि टाक्या जोडून, रंगीत पाणी खेळवून अख्खी अर्थव्यवस्था दाखवणारं मशीन बनवलं त्याने. पण ते राहू दे.) पगार वाढले की भावही वाढतात, म्हणून कर्व्हवरून बऱ्याच जणांना वाटलं की थोडी महागाई सोसली तर बेकारी आटोक्यात ठेवता येईल. साठच्या दशकाच्या शेवटी फ्रीडमन आणि फेल्प्स हे अर्थशास्त्री म्हणाले की हे फार दिवस टिकायचं नाही, कारण लोक शिकतात, पुढच्या वर्षी भाव वाढणार हे धरूनच पगार मागतात, विकणाराही तेच धरून किंमत लावतो आणि मग महागाई तेवढी वाढते, बेकारी जिथल्या तिथे. सत्तरच्या दशकात तर बऱ्याच देशांत दोन्ही एकदमच वाढल्या.

आता यात कथा बघ. पगार वाढला म्हणून खूश झालेली बाई, वर्षाने हिशोब केल्यावर तिला कळतं की वाढ नुसती कागदावर होती. पुढच्या वेळी ती साहेबासमोर बसेल तेव्हा तिला माहीत असणार की एकदा आपण फसलोय, आणि तिला हे माहीत आहे हे साहेबालाही माहीत असणार. दोघं काय बोलतील? अर्थशास्त्री याला अपेक्षा म्हणतात आणि पुढे जातात, तू मात्र तिथे बस.

बेकारीवर लिहिताना तुम्ही सगळे एकच हीरो आणता, दाढी वाढलेला, फाइल घेऊन इंटरव्ह्यूला हिंडणारा. मला त्याचा कंटाळा आलाय. त्यापेक्षा मारिएनथालचा अभ्यास वाच. ऑस्ट्रियातलं गाव, तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं, मग 1931 च्या सुमारास याहोदा, लाझर्सफेल्ड, त्साइझेल वगैरे समाजसंशोधक मंडळी तिथे गेली. त्यांनी काय काय मोजलं बघ! लोक रस्त्यावर किती वेगाने चालतात, मध्ये कितीदा थांबतात. पुरुष हळू चालायचे आणि सारखे थांबायचे, बायका मात्र भराभर जायच्या कारण घरचं काम त्यांच्यामागे होतंच. लायब्ररीतून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं, फी माफ केलेली असूनही, आणि वेळ तर सगळ्यांकडे ढीगभर! बहुतेक पुरुष घड्याळ बाळगत नव्हते. भूक, गरिबी हे कुणीही लिहील गं, पण रिकामा वेळ माणसाला वाचूही देत नाही हे तुला घरात बसून सुचलं असतं का? मला तरी नसतं सुचलं.

अजून एक, व्याख्या नीट वाचत जा, त्यात फार माल असतो. सरकारी मोजणीत बेकार कोण, तर ज्याला काम नाही, जो कामाला तयार आहे आणि जो काम शोधतोय. शोधणं सोडलं की तो बेकारांत धरलाच जात नाही. म्हणजे एखाद्याने थकून नाद सोडला की बेकारीचा दर उलट किंचित सुधारतो, हे वाचून तुला काही सुचत नसेल तर विषय बदल.

महागाईत सगळेच मरतात हेही खरं नाही. ठरलेल्या व्याजावर कर्ज घेतलेला भाऊ आणि ठरलेल्या पेन्शनवर जगणारी बहीण एकाच घरात ठेव. भाव चढले की त्याचं कर्ज हलकं होतं आणि हिची पेन्शन आटते. यात व्हिलन कुणीच नाही, आणि तू उगाच आणूही नकोस.

व्याजदरावर लिहिणं कोरडं वाटतं म्हणतेस. 1979 नंतर फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुखाने, व्होल्करने, तिथली महागाई मोडायला व्याजदर असे चढवले की घरबांधणी ठप्प झाली, 1982 अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली, आणि बिल्डर लोकांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे पोस्टाने फेडकडे पाठवले. तो तुकडा कापणारा माणूस, त्यावर काय लिहावं म्हणून अडलेला. हा माणूस कसा आहे, घरी कोण आहे, पोस्टाच्या खर्चावरून बायकोशी भांडला का, हे मला सांगू नकोस, लिही.

पण आधी ती पगाराची मीटिंग लिहून पाठव, दोन पानांत, आणि महागाई हा शब्द एकदाही वापरायचा नाही.